रस्त्याकडेची पट्टी आणि मधमाश्या: बी नंतर, आधी कापणीचं वेळापत्रक

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका गावच्या युवक मंडळाला पंचायतीनं मेन रोडच्या फाट्यापासून गावापर्यंतच्या रस्त्याच्या दोन्ही कडा "सांभाळा बघू तुम्हीच" म्हणून तोंडी देऊन टाकल्यात. पोरांना तिथं मधमाश्या-फुलपाखरांसाठी फुलझाडं करायचीत. कुठलं बी आणायचं, कुठनं आणायचं, आणि माश्या वाढल्या तर शाळेला जाणाऱ्या पोरांना चावतील का, असं विचारलंय. मी नर्सरी आणि मधपेट्या दोन्ही धंद्यात बरीच वर्षं आहे, रस्त्याकडेच्या लागवडीची कामंही अंगावर घेतलीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. लांबेल, पण वाचा.

पहिली गोष्ट, बी आणूच नका. निदान पहिल्या वर्षी तरी नाही. बाजारात "वाइल्डफ्लॉवर मिक्स" म्हणून जी पाकिटं मिळतात त्यात बहुतेक कॉसमॉस, झिनिया, झेंडू असलंच असतं. त्यातला तो पिवळा-केशरी कॉसमॉस एकदा माळावर सुटला की तुमच्या हातात राहत नाही, पश्चिम महाराष्ट्रात डोंगरउतारांवर आणि रस्त्याकडेला तो कसा पसरलाय ते जाऊन बघा, फोटोला झकास दिसतो पण खाली दुसरं काही उगवू देत नाही. आणि खरं सांगू का, तुमच्या रस्त्याकडेला बी नाही असं नाहीच आहे. जांभ्याच्या त्या लाल मातीत कुर्डू, तेरडा, तुंबा, टाकळा, खुळखुळा, लाजाळू, दगडीपाला, सहदेवी हे सगळं पडूनच आहे, वर कणकुंबी-जांबोटीकडं गेलात तर सोनकीपण. दरवर्षी उगवतं, आणि फुलायच्या नेमक्या आठवड्यात आपण ते कापून टाकतो. तुमचा प्रश्न बियाण्याचा नाही, कापणीच्या तारखेचा आहे.

तारीख कशी ठरते बघा. १५ ऑगस्टला झेंडावंदन, मग लगेच गणपती. पंचायतीला वाटतं गाव स्वच्छ दिसलं पाहिजे, मुंबई-पुण्याचे चाकरमानी येणार. मग ब्रश कटर घेऊन दोन माणसं लावायची आणि फाट्यापासून देवळापर्यंत दोन्ही बाजू सफाचट करायच्या. नाहीतर त्याहून सोपं म्हणजे तणनाशकाचा पंप. आता याच वेळी मधमाशीची काय अवस्था असते? आपल्या पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये जांभूळ, करंज, हिरडा फुलून गेलेले असतात, तेव्हा पोळी भरलेली असतात. जूनला पाऊस धरला की जुलैभर माशीला बाहेर पडायला मिळत नाही आणि पडली तरी फुलं नाहीत. पेटीवाले या दिवसांत साखरेचा पाक देतात म्हणून पेटीतली सातेरी माशी जगते. रानातली कशी जगणार? तिला ऑगस्टच्या उघडिपीत जे पहिलं मिळतं ते हेच, लाजाळूचे परागकण, तुंब्याचा मध, दगडीपाल्याची बारीक पिवळी फुलं. आणि आपण नेमकी तीच उडवतो.

आणि त्याच वेळी शेजारच्या शिवारात काकडी, दोडका, दुधी, भोपळा फुलावर असतो. काकडीच्या मादी फुलावर एक माशी एकदा बसून चालत नाही, आठ-दहा वेळा तरी कोणी येऊन गेलं पाहिजे तर फळ सरळ भरतं. कमी पडलं की एका टोकाला बारीक, एका टोकाला फुगलेली, अशी वाकडी काकडी. मार्केटला नेली की दलाल ती बाजूला काढतो आणि आपण म्हणतो खत कमी पडलं. दरवेळी खतच कमी पडलेलं असतं असं नाही हो. बारीक जातीच्या माश्या पोळ्यापासून चार-पाचशे मीटरच्या पुढं फारशा जात नाहीत, सातेरी साधारण एक-दीड किलोमीटर, आग्या मात्र कितीतरी लांब जाते. म्हणजे काकडीच्या प्लॉटला ज्या माश्या मिळणार त्या जवळपासच कुठंतरी वर्षभर जगल्या पाहिजेत. नांगरट नाही, फवारा नाही अशी जमीन आता गावात उरलीय कुठं? बांध पण लोकांनी कोरून कोरून दोरीएवढे करून ठेवलेत. उरली ती रस्त्याकडेची पट्टी, गावठाणाची कड आणि स्मशानाची जागा.

तर आता काय करायचं. डांबराच्या कडेपासून साधारण एक-दीड मीटर पट्टी, म्हणजे साइडपट्टी आणि तिला लागून थोडं, ती बिनधास्त कापा, हवी तेव्हा कापा. वळणाच्या आतल्या बाजूला, फाट्यावर, बस स्टॉपजवळ, शाळेसमोर, घरांसमोर पूर्ण कापा. समोरची गाडी दिसली पाहिजे, चालणाऱ्याला साप दिसला पाहिजे, यात तडजोड नाही. आपल्याकडं घोणस-नाग आहेत आणि लोकांची भीती खोटी नाही, तुम्ही "निसर्ग, निसर्ग" करून शाळेच्या वाटेवर गुडघाभर गवत ठेवलंत तर एका आठवड्यात सगळं गाव तुमच्या विरोधात जाईल. आणि मधमाशीलाही त्या डांबरालगतच्या पट्टीचा फारसा उपयोग नसतो. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉल भागात रस्त्याकडेच्या पट्ट्यांचा अभ्यास झाला होता, २०१९ साली प्रसिद्ध झाला, त्यात हेच आलं होतं की डांबराला लागून फुलंही कमी आणि कीटकही कमी, पलीकडं दोन्ही जास्त, आणि ऐन फुलोऱ्यात कापणी झाली की आकडा धाडकन खाली. तिकडचं हवामान वेगळं, फुलं वेगळी, पण गाडीचा वारा आणि धूळ इथून तिथून सारखीच.

गटाराच्या पलीकडची बाजू, मग तिथनं शेताच्या बांधापर्यंत किंवा मुरुमाच्या कटापर्यंत (रस्ता काढताना उतार कापून राहिलेली मातीची उभी कड) जी काय जागा आहे, तिथं मात्र जूनपासून तुळशीच्या लग्नापर्यंत ब्रश कटर लावायचा नाही. तुळशीचं लग्न झालं की कापा. तोपर्यंत कुर्डू-तेरड्याचं बी झडलेलं असतं. कापतानाही एका वर्षी एकच बाजू, दुसरी बाजू पुढच्या वर्षी. आणि जमिनीला घासून नाही, वीतभर ठेवून. का ते खाली सांगतो.

कापलेलं गवत तिथंच सोडू नका. हे लोकांना पटत नाही, कारण शेतात आपण म्हणतो कुजू दे, खत होईल. इथं खत नकोच आहे. माती कसदार झाली की दांडगं गवत आणि काँग्रेस गवत माजतं आणि बारीक फुलझाडं दबून जातात. रानफुलांना हलकी, उपाशी माती मानवते, मुरुमाच्या उघड्या कटावर तेरडा कसा फुलतो आणि शेणखताच्या उकिरड्याशेजारी काय उगवतं हे एकदा डोळ्यांनी बघून या. म्हणून "चांगली माती" म्हणून तळ्याचा गाळ किंवा शेतातली काळी माती आणून टाकायचा विचार कोणी मांडला तर लगेच मोडून काढा. त्याच्यासोबत काँग्रेसचं बी फुकट येतं.

यावर आमच्या भागात आयता उपाय आहे आणि त्याला कोणी उपाय म्हणत नाही. म्हशीसाठी गवत कापायला येणाऱ्या बायका. विळा घेऊन येतात, जिथं मारवेल-पवन्या कोवळा आहे तेवढाच तुकडा कापतात, टाकळा-तुंबा म्हैस खात नाही म्हणून तो सोडतात, भारा बांधून डोक्यावरनं घरी. म्हणजे गवत कमी झालं, फुलझाड राहिलं, कापलेलं बाहेर गेलं, आणि सगळीकडं एकदम न कापता तुकड्या-तुकड्यानं कापलं गेलं. परदेशात यासाठी तज्ज्ञ बसवून आराखडे करतात! तुम्ही काय करा, गावातल्या ज्यांच्याकडं दोन-चार म्हशी आहेत त्या मावश्या-काकवांना विचारा की कुठला तुकडा कोणाचा. ब्रश कटरच्या पेट्रोलचा खर्चही वाचला. फक्त एक अट घालायची, त्या पट्टीवर तणनाशक मारलेलं नसलं पाहिजे, आणि हे त्या तुमच्या आधी स्वतःच विचारतील, कारण फवारलेलं गवत खाऊन जनावर दगावायची भीती त्यांनाच जास्त.

तणनाशकाबद्दल तुम्हाला पंचायतीत भांडावं लागेल, तेव्हा तिथं मधमाशीचं नाव काढू नका, मातीचं काढा. तणनाशकानं गवत मुळासकट मेलं की तो लाल मुरुमाचा उतार उघडा पडतो आणि आपल्याकडचा पाऊस काय कोसळतो ते इंजिनिअर साहेबांना वेगळं सांगायला नको. माती सगळी गटारात, गटार तुंबलं की पाणी डांबरावर, मग खड्डे. कटावर गवताची मुळं आहेत म्हणून तो उभा आहे. हे त्यांना लगेच समजतं, मधमाशी समजायला वेळ लागतो. गटाराचा तळ मेमध्ये साफ करायलाच पाहिजे, पाणी वाहिलं पाहिजे, पण तळ साफ करताना जेसीबीवाला दोन्ही काठही खरवडून घेतो तेवढं करू देऊ नका, उभं राहून करून घ्या.

आता त्या मुरुमाच्या कटाबद्दल, कारण माझ्या मते रस्त्याकडेची सगळ्यात मोलाची जागा तीच आणि तिच्याकडं कोणाचं लक्ष नसतं. मधमाशी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पोळं येतं. पण जगात माश्यांच्या वीस हजारांहून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या साधारण ७० टक्के जमिनीत बीळ करून एकट्या राहतात. पोळं नाही, राणी नाही, मध नाही. ऑक्टोबरात पाऊस उघडल्यावर सकाळी नऊ-साडेनऊला ऊन पडलं की पूर्वेकडं तोंड असलेल्या कटासमोर हातभर अंतरावर बसा. आधी काही दिसत नाही. मग पेन्सिल घुसेल एवढी भोकं दिसायला लागतात, कुठं एखादंच, कुठं दहा-वीस शेजारी-शेजारी, खाली ताज्या मातीचा बारीक भुगा. थोड्या वेळानं एक माशी येते, पोटावर निळसर-पांढरे चकचकीत पट्टे, भोकासमोर हवेत थांबते, इकडं-तिकडं डुलते, ओळख पटली की सरळ आत. ही निळ्या पट्ट्यांची माशी. ही वांग्या-टोमॅटोच्या फुलाला पकडून अंग थरथरवते आणि त्या थरथरीनं फुलातली पूड बाहेर पडते, सातेरी किंवा आग्याला हे जमत नाही. काळा सुतारभुंगा पण हेच करतो. वांगीवाल्यांना हे सांगा, त्यांना कटाची किंमत कळेल. असा भोकं असलेला कट दिसला की खुणेचा दगड ठेवा, तिथं दगडी पिचिंग नको, सिमेंटचा गिलावा नको, आणि "शोभेसाठी" तिथं लॉन तर नकोच नको. कटाच्या पायथ्याला थोडी जागा उघडी राहिली तरी चालते, सगळीकडं हिरवं दिसलंच पाहिजे असा हट्ट धरू नका.

आणि वीतभर ठेवून कापा म्हटलं ते यासाठी. या निळ्या पट्ट्यांच्या माशीचे नर बिळात झोपत नाहीत. संध्याकाळी सहा-साडेसहाला वाळक्या काडीवर येतात, जबड्यानं काडी पकडतात आणि तसेच आडवे लटकून झोपतात, एकाच काडीवर कधी चार-पाच ओळीनं. पोरांना एकदा दाखवा, मोबाईल टाकून बघत बसतील. शिवाय काही जाती पोकळ काड्यांतच अंडी घालतात, फुलपाखरांचे कोष गवताच्या बुडाशी असतात. घासून कापलं की सगळंच गेलं.

आग लावायची सवयही याच कारणानं मोडायला पाहिजे. जानेवारी-फेब्रुवारीत कोणीतरी बिडी टाकतो किंवा मुद्दामच पेटवतो, "नवं गवत चांगलं येतं" म्हणून. खोल बिळातल्या माश्या वाचतातही कधी कधी, पण काड्यांतल्या, कोषातल्या, अंड्यांतल्या सगळ्या जळतात. आणि त्या दिवसांत शेजारी काजू मोहोरावर असतो, गवताच्या गंजी असतात. रस्त्याकडेची आग काजूच्या बागेत शिरली की काय होतं हे खानापूरवाल्यांना मी काय सांगणार. उलट काजूवाल्यांना तुम्ही आपल्या बाजूला घ्या, कारण काजूचे परागकण चिकट, वाऱ्यानं उडत नाहीत, फळधारणेला किडे-माश्या लागतातच. फक्त त्यांना एवढं सांगा की मोहोर वाळवणाऱ्या ढेकण्या किडीसाठी फवारायचंच असेल तर सकाळी फुलं उमललेली असताना नको, ऊन उतरल्यावर संध्याकाळी मारा, आणि फवारा रस्त्याकडेच्या फुलांवर उडू देऊ नका. कुठलं औषध किती, ते कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात विचारा, दुकानदाराला नको.

काढायचं काय? काँग्रेस गवत, टणटणी (घाणेरी), रानमोडी. काँग्रेस फुलावर यायच्या आधी, जून-जुलैत माती ओली असताना हातमोजे घालून मुळासकट उपटायचं. उघड्या हातानं नको, अंगावर खाज-पुरळ उठतं आणि काही जणांना दम्यासारखा त्रास होतो. पावसाळ्यात त्याच्या पानांवर पांढरट-पिवळे, काळ्या नागमोडी रेघांचे भुंगेरे दिसले तर त्यांना मारू नका, हे काँग्रेस खाण्यासाठीच मेक्सिकोतनं आणून १९८४ च्या सुमाराला बेंगळूरकडं सोडलेले, आता सगळीकडं पसरलेत. आणि टाकळा दाट होऊ दिला की काँग्रेस मागं हटतं, हा फुकटचा उपाय. टाकळ्याच्या पानांवर बारीक पिवळ्या फुलपाखराच्या अळ्याही वाढतात, आणि पहिल्या पावसातली भाजी तर तुम्ही खाताच.

टणटणीबद्दल मात्र घाई नको. तिच्यावर फुलपाखरं गर्दी करतात म्हणून काही लोक ती ठेवा म्हणतात, मी त्यातला नाही, ती काढलीच पाहिजे, पण एकदम सगळी काढून रस्ता बोडका करू नका. यंदा एक टप्पा काढा, त्या जागी धायटी, निर्गुडी, कोरांटी, अडुळसा, कढीपत्ता लावा, ते धरले की पुढचा टप्पा. धायटी जानेवारी ते मार्चमध्ये लालभडक फुलते, जनावर फारसं तोंड लावत नाही, पाणी लागत नाही, मुरुमात येते, आणि आपल्या रानात आहेच. रोपं विकत घ्यायची तर जवळच्या वनखात्याच्या नर्सरीत आधी विचारा. रानमोडी डिसेंबरात फुलते, तिच्यावरही फुलपाखरं येतात, पण बी वाऱ्यानं उडायच्या आधी कापलीच पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षी तुमचा कट दिसणारही नाही.

झाडांचं लोक पहिल्यांदा विचारतात म्हणून मी मुद्दाम मागं ठेवलं. झाड म्हणजे शेकडो फुलझाडांचं काम एकट्यानं करणारं, यात वाद नाही, पण ते मोठं व्हायला वर्षं लागतात आणि रस्ता रुंद करायचा ठरला की पहिला कुऱ्हाडीचा घाव त्याच्यावर. बेळगाव-खानापूर रस्त्याच्या जुन्या झाडांचं काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. म्हणून जे जुनं वड-चिंच-आंबा-जांभूळ उरलंय ते आधी वाचवा. सातेरी असल्याच झाडांच्या ढोलीत राहते, आणि ढोली नव्या रोपाला येत नाही. कर्नाटकात १९७६ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे, काही ठरावीक जाती सोडल्या तर वनखात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, रस्त्याकडेचं तर नाहीच नाही, हे पंचायतीत माहीत असलेलं बरं. हेस्कॉमवाले, म्हणजे वीज कंपनीची माणसं, तारांखालच्या फांद्या तोडायला येतात तेव्हा जाऊन उभं राहा, तारेला लागणारी फांदी जाऊ दे, अख्खा शेंडा कशाला.

नवीन लावायचंच तर करंज, जांभूळ, बहावा, पळस, पांगारा, कांचन, मिसळून. एकच जात ओळीनं नको, दोन आठवडे फुलून संपलं की उरलेलं वर्ष उपास. ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि गुलमोहर बास झाले आता. तारेखाली उंच झाड लावू नका, बांधाला चिकटून लावू नका, नाहीतर शेतमालक सावली पडते म्हणून रातोरात साल काढून ठेवतो. त्याला विचारून लावलंत तर तोच पाणी घालतो. आणि हायवेच्या मधल्या डिव्हायडरमध्ये मध देणारी फुलझाडं कोणी सुचवली तर विरोध करा. दोन्ही बाजूंनी शंभरच्या स्पीडनं गाड्या आणि मध्ये जेवणाचं ताट. डिव्हायडरमध्ये बोगनवेल ठीक आहे, मधमाशीला तिच्यात फारसं काही मिळत नाही आणि तेच तिथं बरं.

बी टाकायचं ते दुसऱ्या वर्षी, आणि स्वतः गोळा केलेलं. ऑक्टोबर ते डिसेंबर शाळेच्या पोरांना कागदी पाकिटं द्या, तुंबा, कुर्डू, खुळखुळा, तेरडा, सगळं आपल्याच शिवारातलं, एका जागचं सगळं ओरबाडायचं नाही. तेरड्याची बोंडं हात लावताच फुटतात, त्याला आधीच पिशवी धरायची. सावलीत वाळवून, कापडी पिशवीत, उंदरापासून लांब. मेच्या शेवटी जमीन नुसती दाताळ्यानं ओरखडायची, वाळूत मिसळून फेकायचं, झाकायचं नाही, पाणी घालायचं नाही. नांगरायचं तर अजिबात नाही, नांगरलं की पहिलं काँग्रेसच उगवणार. आणि शेतकरी तयार असेल तर त्याच्या बांधाला कारळे टाकायला सांगा. पूर्वी आपल्याकडं नाचणीच्या-भुईमुगाच्या कडेनं कारळ्याच्या ओळी असायच्याच, सप्टेंबर-ऑक्टोबरात पिवळं धम्मक, माश्यांनी नुसतं घोंगावतंय, आणि वर चटणी. आता कोणी टाकत नाही. रस्त्याच्या पट्टीला लागून बांधावर कारळे आला तर तुमचं निम्मं काम झालं.

चावण्याचं विचारलंत. एकट्या राहणाऱ्या माश्या चावायच्या भानगडीत पडत नाहीत, मुठीत धरली तरच डंख. भिंतीच्या फटीत मेणाची नळी काढून राहणारी बारीक काळी माशी असते तिला तर डंखच नाही. फुलावर बसलेली कुठलीही माशी स्वतःच्या कामात असते. सांभाळायची ती आग्या, म्हणजे कन्नडमध्ये हेज्जेनू. मोठ्या झाडावर किंवा पाण्याच्या टाकीवर तिचं पोळं असेल तर खाली कचरा पेटवायचा नाही, फटाके नाहीत, दगड नाही, जत्रेच्या दिवसांत तर गावात दवंडीच द्या. फुलं लावली म्हणून आग्या शाळेसमोर येऊन बसेल असं होत नाही, ती उंच जागा बघून बसते. ते लाकडी "बी हॉटेल" शाळेत करायला हरकत नाही, पोरांना मजा येते, पण आपल्या पावसात त्याला बुरशी लागते आणि त्यावर पैसे घालवण्यापेक्षा एखादा वाळका ओंडका कडेला सावलीत पडू द्या, सुतारभुंगा आपणहून भोक पाडतो.

पथदिव्यांचं एक राहिलं. दुधी, पडवळ, दोडका यांची फुलं संध्याकाळी-रात्री उमलतात आणि त्यांच्यावर पतंग येतात. गावाबाहेर जिथं घर नाही तिथं रात्रभर पांढरा झगझगीत एलईडी लावला की पतंग दिव्याभोवतीच फिरून मरतात. पिवळसर बल्ब आणि खाली तोंड असलेला दिवा मागा, मिळाला तर मिळाला.

काम चाललंय का नाही हे मोजायचं असेल तर सोपं ठेवा. चार जागा ठरवून घ्या, दोन राखलेल्या, दोन नेहमीसारख्या कापलेल्या. ऊन असलेल्या दिवशी सकाळी नऊ ते अकराच्या मध्ये प्रत्येक जागी दहा मिनिटं उभं राहायचं आणि फुलावर बसलेले किडे मोजायचे. नावं येत नसतील तर मोठी माशी, बारीक माशी, भुंगा, फुलपाखरू, इतर, एवढंच. महिन्यातून एकदा, वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी पंचायतीत कोणी "गवत का वाढवून ठेवलंय" म्हणून ओरडला तर ती वही कामाला येते.

आता परवानगीचं. तोंडी दिलंय त्यावर जाऊ नका, सदस्य बदलले की शब्द बदलतो. आधी रस्ता कोणाचा ते बघा. गावचा अंतर्गत रस्ता पंचायतीचा, मोठा जोडरस्ता बहुधा जिल्हा पंचायतीचा किंवा पीडब्ल्यूडीचा, आणि फाट्यावरचा राष्ट्रीय महामार्ग असेल तर तिथं तुमचा-पंचायतीचा दोघांचाही हात चालत नाही, तिथनं सुरुवात करू नका. पीडीओंच्या (पंचायत विकास अधिकाऱ्यांच्या) नावे अर्जी द्या, ग्रामसभेत ठराव घ्या आणि त्याची प्रत घेऊन ठेवा. अर्जी कन्नडमध्ये द्या, गावातलं कन्नड शाळेत शिकलेलं एखादं पोर लिहून देईल, काम एका खेपेत होतं, भाषेचा वाद घालायला दुसऱ्या जागा पुष्कळ आहेत. जागेवर बोर्ड लावाल तोही दोन्ही भाषांत, "इथं नोव्हेंबरपर्यंत कापू नये, तणनाशक मारू नये" एवढाच मजकूर, कारण कापायला येणारा कंत्राटदाराचा माणूस कुठल्या गावचा असेल सांगता येत नाही. बोर्ड नसला तर तुमची वर्षभराची मेहनत एका सकाळी ब्रश कटरखाली जाते. केबल आणि पाण्याच्या पाइपवाल्यांची खुदाई होणारच, ती थांबवता येत नाही, पण वरची माती बाजूला काढून परत वरच टाका एवढं त्यांच्या सुपरवायझरला सांगून बघा, चहा पाजलात तर ऐकतात. झाडांच्या खड्ड्यांची आणि पाण्याची कामं उद्योग खात्रीतनं, म्हणजे रोजगार हमीतनं, होत आलीत, त्याचंही पीडीओंनाच विचारा.

पहिल्या अर्जीत सगळं मागू नका. बोर्ड, झाडं, नर्सरी, दिवे हे सगळं एका कागदावर दिसलं की तो कागद फाईलमध्ये जातो. गणपतीआधीची सफाई फक्त साइडपट्टी, वळणं आणि घरांसमोरच करावी, बाकीची तुळशीच्या लग्नानंतर मंडळ स्वतः करेल, पंचायतीला खर्च नाही, एवढ्या तीन ओळी लिहा आणि जुलै संपायच्या आत देऊन टाका.